रंगांत अडकलेली माहिती : दृष्टिबाधितांसाठी ऑनलाइन नकाशे व आलेख सुगम होणार कधी?

झाशी : २८ मे २०२४ रोजी झाशीत ४९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. त्या आठवड्यात उत्तर भारत होरपळत असताना उष्णतेच्या लाटेचा इशारा नागरिकांपर्यंत पोहोचविणारे सर्वांत प्रभावी साधन होते ते चार रंगांचा नकाशा. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा, ही भारतीय हवामान विभागाची वर्गवारी आता सर्वपरिचित आहे. दूरचित्रवाणीपासून भ्रमणध्वनीपर्यंत सर्वत्र झळकणारा हा नकाशा डोळस नागरिकाला क्षणार्धात सावध करतो. परंतु ज्याला दिसत नाही, त्याच्या भ्रमणध्वनीतील स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी प्रणाली, वर्णनाची जोड नसलेल्या नकाशापाशी पोहोचल्यावर एकच शब्द उच्चारते : ‘चित्र’.

हवामान विभाग आपले इशारे मजकुराच्या स्वरूपातही प्रसिद्ध करतो, ही जमेची बाजू आहे. मात्र तो नकाशा एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर, समाजमाध्यमांवरून घराघरांत फिरू लागतो तेव्हा मजकूर मागे राहतो आणि चित्र तेवढे पुढे जाते. शासन, न्यायालये, शाळा आणि वृत्तमाध्यमे आपला व्यवहार अधिकाधिक प्रमाणात नकाशे, आलेख व डॅशबोर्ड यांच्या भाषेत करू लागली असताना ही भाषा दृष्टिबाधितांना कशी वाचता यावी, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहिलेला नाही. तो समान नागरिकत्वाचा प्रश्न झाला आहे.

प्रश्नाची व्याप्ती

२०११ च्या जनगणनेनुसार देशात दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख होती आणि त्यांपैकी सुमारे ५० लाख ३० हजार व्यक्तींना दृष्टिदोष होता. उत्तर प्रदेशात ही संख्या साडेसात लाखांहून अधिक, तर महाराष्ट्रात साडेपाच लाखांहून अधिक होती. हे आकडे जुने आहेत. शिवाय वयोमानानुसार किंवा मधुमेहासारख्या विकारांमुळे दृष्टी मंदावलेले असंख्य नागरिक स्वतःची नोंद दिव्यांग म्हणून करीत नाहीत. लाल व हिरवा रंग वेगळा ओळखता न येणाऱ्यांचीही यात गणना होत नाही. रंगांच्या आधारे माहिती देणारा नकाशा या सर्वांना कमी-अधिक प्रमाणात वगळतो.

अडथळा नेमका कोठे?

संगणक किंवा भ्रमणध्वनी वापरणारी अंध व्यक्ती माउसचा उपयोग करीत नाही. ती कळफलकाच्या किंवा बोटांच्या ठरावीक हालचालींच्या साहाय्याने एका घटकावरून दुसऱ्या घटकावर जाते आणि स्क्रीन रीडर तो घटक वाचून दाखवितो. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेली एनव्हीडीए ही विनामूल्य प्रणाली, तसेच भ्रमणध्वनींवरील टॉकबॅक व व्हॉइसओव्हर यांमुळे भारतीय दृष्टिबाधितांना लेखी मजकुराचे जग मोठ्या प्रमाणात खुले झाले. नकाशा व आलेख यांच्या बाबतीत मात्र ही साखळी चार ठिकाणी तुटते.

पहिला अडथळा म्हणजे वर्णनाचा अभाव. चित्रासोबत पर्यायी मजकूर दिलेला नसेल, तर स्क्रीन रीडर ‘चित्र’ असे म्हणून थांबतो किंवा फाइलचे निरर्थक नाव वाचतो. दुसरा अडथळा परस्परसंवादी नकाशांचा. जिल्ह्यावर माउसचा बाण नेल्यावरच आकडा दिसणार असेल, तर कळफलक वापरणाऱ्याच्या दृष्टीने तो आकडा अस्तित्वातच नसतो. काही नकाशे तर शेकडो लहान चित्रतुकड्यांनी बनलेले असतात आणि स्क्रीन रीडर त्यांत अडकून बाहेर पडू शकत नाही.

तिसरा अडथळा रंगांचा. आंतरजाल सुगमतेच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार माहिती केवळ रंगाच्या आधारे देऊ नये, मजकूर व पार्श्वभूमी यांतील रंगभेदाचे गुणोत्तर सर्वसाधारणपणे किमान ४.५ : १ आणि आलेखातील अर्थवाही भागांसाठी किमान ३ : १ असावे, अशी अपेक्षा आहे. फिकट पिवळ्यापासून गडद लालपर्यंत सरकणाऱ्या छटांचे नकाशे या कसोटीवर अनेकदा उतरत नाहीत.

चौथा अडथळा भारतीय भाषांच्या वाट्याला विशेषत्वाने आला आहे. उत्तर प्रदेशात कृतिदेव आणि महाराष्ट्रात श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत तयार झालेली असंख्य शासकीय कागदपत्रे आजही वापरात आहेत. डोळ्यांना देवनागरी दिसणारा हा मजकूर युनिकोडमध्ये नसल्यास संगणकाला तो रोमन अक्षरांचा अर्थहीन पुंजका वाटतो. स्कॅन करून चढविलेल्या पीडीएफमध्ये तर अक्षरेच नसतात, केवळ त्यांचे छायाचित्र असते. नकाशाची सूची किंवा आलेखाखालील तक्ता अशा स्वरूपात असेल, तर तक्ता दिल्याचे समाधान प्रशासनाला लाभते, वाचकाच्या हाती मात्र काहीच लागत नाही.

रंगाने दिलेला आदेश

याचा फटका किती गंभीर असू शकतो, हे कोविड महासाथीने दाखवून दिले. ३० एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य सचिवांनी राज्यांना पाठविलेल्या पत्रात देशातील १३० जिल्हे लाल, २८४ नारिंगी आणि ३१९ हिरव्या क्षेत्रात विभागण्यात आले. झाशीचा समावेश नारिंगी यादीत होता. दुकान उघडायचे की नाही, वाहन रस्त्यावर आणायचे की नाही, दुसऱ्या जिल्ह्यात जाता येईल की नाही, हे सर्व त्या रंगावर अवलंबून होते. मूळ पत्रात जिल्ह्यांची नावे यादीच्या रूपात होती. जनतेपर्यंत मात्र ती रंगविलेल्या नकाशाच्या रूपात पोहोचली. म्हणजे सुगम माहिती आधी उपलब्ध होती. ती आकर्षक करण्याच्या ओघात दुर्गम झाली.

या उदाहरणातील धडा महत्त्वाचा आहे. कोणताही नकाशा किंवा आलेख काढण्यापूर्वी त्यामागील माहिती नावे व आकड्यांच्या तक्त्यात असतेच. ती शोधण्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. चित्र प्रसिद्ध करताना तक्ता फेकून द्यायचा नाही, इतकेच पथ्य पाळावे लागते. निवडणूक आयोगाच्या निकालांच्या संकेतस्थळावर मतदारसंघनिहाय तक्ते दिले जातात. त्यामुळे रंगीत नकाशा न पाहताही निकाल जाणून घेता येतो. हाच शिरस्ता इतर खात्यांनीही पाळावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

जमीन, पाणी आणि आराखडा

बुंदेलखंडासारख्या प्रदेशात नकाशा हा पाण्याचा आणि जमिनीचा दस्तऐवज असतो. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिलेल्या आणि २५ डिसेंबर २०२४ रोजी खजुराहो येथे पायाभरणी झालेल्या केन-बेतवा नदीजोड प्रकल्पात उत्तर प्रदेशातील झाशी, ललितपूर, महोबा व बांदा या जिल्ह्यांना लाभ होणार असल्याचे सांगण्यात आले आहे. प्रकल्पाचा जोडकालवा २२१ किलोमीटर लांबीचा आहे. अशा प्रकल्पात कालवा कोणत्या गावाजवळून जातो, कोणते शिवार लाभक्षेत्रात येते आणि कोणते बाहेर राहते, हे ठरते ते नकाशावरील रेषेने. दृष्टी गमावलेला शेतकरीही जमिनीचा मालक असतो. ती रेषा त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागत असेल, तर त्याचा निर्णयही दुसऱ्याच्या विवेकावर अवलंबून राहतो.

शहरांतही स्थिती निराळी नाही. २०१७ च्या जूनमध्ये जाहीर झालेल्या स्मार्ट सिटी यादीत झाशी आणि महाराष्ट्रातील पिंपरी-चिंचवड या शहरांची निवड एकाच वेळी झाली होती. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध करून त्यावर नागरिकांच्या हरकती मागविण्याची तरतूद उत्तर प्रदेशाच्या १९७३ च्या नगर नियोजन व विकास कायद्यात आहे, तशीच ती महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही आहे. आराखडा मुख्यतः नकाशातून मांडला जातो. तो वाचता आला नाही, तर हरकत नोंदविण्याचा हक्क कागदावरच राहतो. प्रस्तावित रस्ते, आरक्षणे आणि त्यांचे भूमापन क्रमांक यांची वाचनीय यादी आराखड्यासोबत देणे हा यावरील साधा उपाय आहे. त्याचा उपयोग दृष्टिबाधितांना होईलच, शिवाय नकाशा उलगडता न येणाऱ्या कोणत्याही सामान्य नागरिकालाही होईल.

शाळेतून सुरू होणारी वजाबाकी

या प्रश्नाचे मूळ शाळेत आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षांत दृष्टिबाधित विद्यार्थ्यांना नकाशा किंवा आकृतीवर आधारित प्रश्नांऐवजी पर्यायी प्रश्न दिले जातात. परीक्षेतील अन्याय टाळण्यासाठी ही सवलत आवश्यकच आहे. तथापि सवलतीचे रूपांतर वर्गातही नकाशा न शिकविण्यात झाले, तर विद्यार्थी भूगोल, अर्थशास्त्र, सांख्यिकी यांसारख्या विषयांपासून दूर फेकला जातो आणि पुढे माहिती-विश्लेषणाच्या नोकऱ्यांचे दारही त्याच्यासाठी बंद होते.

स्पर्शाने वाचता येणारे नकाशे हे यावरील जुने व खात्रीचे साधन आहे. कोलकाता येथील राष्ट्रीय मानचित्रावली व विषयवस्तू मानचित्रण संघटनेने दृष्टिबाधितांसाठी तयार केलेल्या भारताच्या ब्रेल मानचित्रावलीचे प्रकाशन २०१७ मध्ये झाले. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधनातून उठावाच्या आकृत्या कमी खर्चात तयार करण्याचे काम पुढे आले. मुंबईतील सेंट झेविअर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी साधन केंद्र कार्यरत आहे.

आकार समजण्यासाठी स्पर्शाला पर्याय नाही, याचे उदाहरण खुद्द झाशीच्या भूगोलात सापडते. ललितपूर जिल्हा तीन बाजूंनी मध्य प्रदेशाने वेढलेला असून झाशी जिल्ह्याशी तो एका चिंचोळ्या पट्ट्याने जोडलेला आहे. हे वाक्य ऐकून कल्पना येते. उठावाच्या नकाशावरून बोट फिरविल्यावर मात्र या सीमेचा गुंता खऱ्या अर्थाने उमगतो आणि पाणी, रस्ते, बस यांबाबत दोन राज्यांत सतत समन्वय का लागतो, हेही कळते.

कायदा काय सांगतो?

१९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार श्राव्य, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील सर्व आशय सुगम स्वरूपात उपलब्ध होईल, याची दक्षता घेणे शासनाचे कर्तव्य आहे. कलम ४६ ने शासकीय व खासगी सेवा पुरवठादारांना सुगमतेच्या नियमांनुसार सेवा देण्यासाठी दोन वर्षांची मुदत घातली. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून अस्तित्वात असून त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे माहिती तंत्रज्ञानाच्या सुगमतेचे मानकही त्याच वर्षी नियमांत समाविष्ट झाले.

त्यानंतरचे दोन न्यायनिर्णय निर्णायक ठरावेत असे आहेत. ‘राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला. कायदा बंधनकारक असताना नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे असू शकत नाहीत, असे स्पष्ट करून न्यायालयाने किमान बंधनकारक मानके तीन महिन्यांत निश्चित करण्यास केंद्राला सांगितले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि एक दृष्टिबाधित वकील यांच्या याचिकांवर निर्णय देताना न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा अंगभूत भाग असल्याचे सांगितले आणि ग्राहक ओळख पडताळणीच्या प्रक्रियेबाबत वीस निर्देश दिले.

हे निर्देश बँकिंग व तत्सम सेवांपुरते असले, तरी त्यांमागील तत्त्व नकाशे व आलेखांनाही लागू पडते. जी माहिती मिळाल्याशिवाय नागरिक निर्णय घेऊ शकत नाही, ती त्याला वाचता येईल अशा स्वरूपात मिळाली पाहिजे.

युरोपचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशाने सार्वजनिक संस्थांच्या संकेतस्थळांना सुगमतेचे बंधन घातले, पण ऑनलाइन नकाशांना त्यातून सूट दिली. मात्र नकाशा मार्गदर्शनासाठी असेल, तर त्यातील आवश्यक माहिती सुगम डिजिटल स्वरूपात दिलीच पाहिजे, अशी अटही घातली. संपूर्ण नकाशा शब्दांत उतरविणे अशक्य असल्याचे मान्य करतानाही मूळ माहितीची जबाबदारी सोडायची नाही, असा हा व्यवहार्य मार्ग आहे. भारतीय नियम घडविताना याहून कमी काही स्वीकारण्याचे कारण नाही.

उपाय अवघड नाहीत

सुगम आलेखाची सुरुवात चांगल्या वर्णनाने होते. ‘सिंचनाचा स्तंभालेख’ एवढे लिहिणे म्हणजे वर्णन नव्हे. केन-बेतवा प्रकल्पाचेच उदाहरण घेता येईल. ‘प्रकल्पातून अपेक्षित १०.६२ लाख हेक्टर वार्षिक सिंचनापैकी ८.११ लाख हेक्टर मध्य प्रदेशात आणि २.५१ लाख हेक्टर उत्तर प्रदेशात होईल. मध्य प्रदेशाचा वाटा तिपटीहून अधिक आहे. पिण्याच्या पाण्याच्या ६२ लाख लाभार्थ्यांत मात्र हे अंतर कमी असून ती संख्या अनुक्रमे ४१ लाख आणि २१ लाख आहे.’ या तीन वाक्यांत आकडे आहेत, तुलना आहे आणि डोळस वाचक दोन आलेखांवरून जो निष्कर्ष काढील तोही आहे. त्याखाली शीर्षकांसह नीट बांधलेला तक्ता दिला, तर तपशील हवा असणाऱ्यालाही तो मिळतो.

दुसरा मार्ग ध्वनीचा. आकडा वाढला की स्वर चढतो आणि घटला की उतरतो, या तत्त्वावर रेषालेख ऐकता येतो. ॲपल कंपनीने २०२१ मध्ये आपल्या भ्रमणध्वनीत अशी सुविधा आणली. तापमानाचा किंवा शेअर बाजाराचा चढ-उतार अशा रीतीने काही सेकंदांत समजतो. तिसरा मार्ग कळफलकाने चालणाऱ्या नकाशाचा. जिल्ह्याचे नाव टंकित करून माहिती शोधता येणे आणि शेजारील जिल्ह्यांची सूची दिशांसह मिळणे, या दोन सोयींनीही मोठा फरक पडतो.

तंत्रज्ञान कंपन्यांच्या सदिच्छेवर मात्र विसंबून चालणार नाही. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणलेले ‘साउंडस्केप’ हे ॲप सभोवतालच्या जागा त्रिमितीय ध्वनीतून सुचवीत असे. २०२३ मध्ये कंपनीने ही सेवा बंद केली आणि तिचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. ज्यांची रोजची वाट एखाद्या सेवेवर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी ती सेवा केव्हाही बंद होण्याचा धोका लहान नसतो. सार्वजनिक माहितीचा पाया सार्वजनिक आणि खुलाच असला पाहिजे.

आक्षेप आणि मर्यादा

नकाशा हे मुळातच दृश्य माध्यम आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धसत्य आहे. नकाशात स्थळांचे परस्परसंबंध असतात आणि ते शब्द, स्पर्श व ध्वनी यांतूनही सांगता येतात. १८५८ च्या वेढ्यातील झाशी मराठी वाचकाने विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये शब्दांतूनच अनुभवली आहे.

खर्चाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुने हजारो नकाशे एकाच वेळी सुधारणे कठीण आहे, हे मान्य करावे लागेल. म्हणूनच प्राधान्यक्रम ठरविणे आवश्यक आहे. आपत्तीचे इशारे, आरोग्य, भूसंपादन, विकास आराखडे आणि शिक्षण यांना प्रथम स्थान मिळावे. नवीन नकाशा किंवा डॅशबोर्ड तयार करण्याच्या निविदेतच सुगमतेची अट घातली, तर पुढील दुरुस्तीचा खर्च वाचतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता चित्राचे वर्णन आपोआप करील, अशीही आशा व्यक्त होते. ही साधने उपयुक्त आहेत. परंतु ती आलेखातील आकडा चुकीचा वाचू शकतात आणि ज्याला चित्र दिसत नाही त्याला ती चूक पकडता येत नाही. आकड्यांची जबाबदारी ते प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेचीच राहिली पाहिजे. तसेच सुगमतेची तपासणी केवळ संगणकीय साधनांवर न सोपविता प्रत्यक्ष दृष्टिबाधित वापरकर्त्यांकडून करून घेणे अत्यावश्यक आहे. पर्यायी मजकूर आहे की नाही, हे यंत्र सांगू शकते. तो उपयोगी आहे की नाही, हे वाचणाराच सांगू शकतो.

पुढची कसोटी

१ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख असलेल्या जनगणनेची अधिसूचना निघाली असून देशाची ही पहिली डिजिटल जनगणना असेल. तिचे निष्कर्ष मोठ्या प्रमाणात नकाशे आणि आलेखांतून मांडले जातील, हे उघड आहे. देशात दृष्टिबाधित किती, हेही त्याच जनगणनेतून कळेल. ज्यांची मोजणी झाली त्यांनाच ती मोजणी वाचता आली नाही, तर ती मोठी विसंगती ठरेल. ती टाळण्यासाठी आज पुरेसा वेळ आहे, कायद्याचा आधार आहे आणि तंत्रही उपलब्ध आहे.

झाशीत पुन्हा उन्हाळा येईल आणि नकाशावर पुन्हा लाल रंग चढेल. त्या वेळी ‘झाशी जिल्हा, लाल इशारा, दुपारी घराबाहेर पडू नका’ एवढे शब्द त्या चित्राला जोडलेले असले, तरी शहरातील दृष्टिबाधित नागरिकाला शेजाऱ्याची वाट न पाहता स्वतःचा निर्णय स्वतः घेता येईल.